खालच्या बाणावरचं बोट

ही गोष्ट ऐकली की लोक आधी हसतात.

हसा. आम्हीही हसलो होतो. घरात सगळ्यात जास्त मीच हसले होते.

पण यातला एक शब्दही मी पदरचा घातलेला नाही. तारीख पाहिजे असेल तर लिहून घ्या. ४ ऑक्टोबर २००३. शनिवार. नवमी. दुपारचे सव्वादोन. ठिकाण नालवाडी, वर्धा.

रात्र नव्हती. अमावस्या नव्हती. जवळपास स्मशान नाही, पिंपळ नाही. बाहेर ऑक्टोबरचं ऊन होतं आणि रस्त्यावर एक कुत्रंसुद्धा नव्हतं.

ज्यांना वाटतं भूत रात्रीच येतं, त्यांनी आमच्याकडची दुपार पाहिलेली नाही.

मी रक्षा. तेव्हा एकोणीस वर्षांची होते. घरात आम्ही चौघं. बाबा म्हणजे पुंडलिकराव, त्यांचं वर्ध्यात किराणा दुकान. आई प्रमिलाबाई. मोठा भाऊ भूपेंद्र, त्याला मी दादा म्हणते. आणि मी.

दादानं त्या वर्षी एक जुना कम्प्युटर विकत आणला होता. लग्नपत्रिका छापायचा धंदा करणार होता. तीन महिन्यांत एकच पत्रिका छापली. ते लग्नही मोडलं.

उरलेल्या वेळात आम्ही गेम खेळायचो.

विकणाऱ्यानं आतच टाकून दिलेली मोटरसायकलची गेम होती. तिचं इंग्रजी नाव कोणाच्या लक्षात राहायचं नाही. घरात तिला सगळे फटफटी म्हणायचे.

खेळ साधा. बाजूनं दिसणारी एक मोटरसायकल, वर हेल्मेट घातलेला माणूस. रस्ता म्हणजे नुसते खड्डे, टेकड्या, कपारी. पण गाडी अगदी खऱ्यासारखी वागायची. एक्सलेटर जास्त दिला की पुढचं चाक उचलायचं. उतारावर ब्रेक दाबला की मागचं उचलायचं. चाकं रबरासारखी दबायची, उसळायची. वाटेत लाल गोळे असायचे. ते सगळे गोळा करायचे आणि मग झेंड्याला शिवायचं. की पुढची लेव्हल.

चाक कुठंही आपटलं तरी चालायचं. गाडी उलटीपालटी झाली तरी चालायचं.

फक्त त्या माणसाचं डोकं कुठं टेकता कामा नये.

डोकं टेकलं की खेळ खलास.

मी त्याला रोज शंभरदा डोक्यावर पाडायची. आणि हसायची.

नवमीला आमच्याकडं अवजारांची पूजा असते. बाबांचा तराजू, आईचा विळा, दादाची सायकल, सगळं धुऊनपुसून मांडलं होतं. त्या वर्षी कम्प्युटरही मांडला. आईनं त्याच्यावरचं क्रोशाचं कव्हर धुऊन त्याला इस्त्रीसुद्धा केली होती.

तेव्हा मला अवदसा आठवली.

"बाबा, कम्प्युटरची पूजा झाली. पण आतमदी गाडी हाये ना. नवीन गाडीची पूजा वेगळी कराव लागते."

मी गंमत केली होती. बाबांनी चष्मा वर केला.

"बरोबर बोलली पोट्टी. वाहन ते वाहन. भूपेंद्र, चालू कर ते."

दादानं गेम चालू केली. बाबांनी स्क्रीनच्या काचेवर, बरोबर गाडी होती तिथं, कुंकवानं स्वस्तिक काढलं. झेंडूचा हार घातला. नारळ फोडला. मग लिंबू काढलं.

नवीन गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवतात आणि गाडी त्याच्यावरून नेतात, हे सगळ्यांना माहीत आहे.

"पण बाबा, चाक काचेच्या आत अन् लिंबू बाहेर," दादा म्हणाला. "कसं जमवाचं?"

बाबांनी जरा विचार केला.

"डब्बा उचल."

दादानं टेबलाखालचा सीपीयू उचलला. बाबांनी खाली लिंबू ठेवलं. "आता मी म्हणन तवा सोड. रक्षा, तू गाडी पुढं घे."

मी वरचा बाण दाबला. दादानं डबा सोडला.

पच्च.

स्क्रीनवर गाडी पुढं गेली. आणि मला वाटलं… ती काहीतरी ओलांडल्यासारखी किंचित उचलली. तिथं रस्ता सपाट होता.

मी दुर्लक्ष केलं. मला हसू आवरत नव्हतं.

चिरडलेलं लिंबू चौकात टाकून यायचं असतं. गाडीवरचं जे काही वाईट, ते त्या लिंबात उतरलेलं असतं. ते घरात ठेवत नाहीत. हेही सगळ्यांना माहीत आहे. माझ्या आईलाही माहीत होतं.

पण आईनं ते उचललं आणि वास घेतला.

"अर्धं त चांगलंच हाये. पोह्याले लिंबू नाई घरात."

"आई, टाकून दे ते."

"काऊन टाकू? डब्ब्याखाली होतं. खऱ्या गाडीखाली थोडी होतं!"

आम्हा तिघांचे नवरात्राचे उपास होते. दादाचा उपास तिसऱ्याच दिवशी तर्रीपोह्याच्या ठेल्यासमोर सुटला होता. म्हणून पोहे एकट्या त्याच्यासाठी होते.

आईनं त्याच्या ताटलीवर ते लिंबू पिळलं. मी समोर बसून पाहत होते.

थांबवलं नाही. हसत होते.

पूजा झालेल्या अवजाराला दसऱ्यापर्यंत हात लावत नाहीत. दादानं कम्प्युटर बंद केला, वरून कव्हर घातलं आणि पलीकडच्या खोलीत बाजेवर जाऊन झोपला. दोन वाजता लाइन गेली. पंखा थांबला. मी कम्प्युटरच्या खोलीतच गार फरशीवर आडवी झाले.

सगळं शांत.

मग…

टक्.

मला वाटलं पाल असेल.

टक्. टक्. टक्.

पाल नव्हती. तो आवाज मी झोपेतही ओळखला असता. कीबोर्डचा होता.

मी डोळे उघडले. कव्हर जागच्या जागी होतं. लाइन नव्हती. खोलीत मी एकटी होते.

टक्. टक्… टऽऽक्.

शेवटचं बटन कोणीतरी दाबून धरल्यासारखं वाजलं. मग एक क्षण काहीच नाही.

आणि पलीकडच्या खोलीतून दादा ओरडला.

"आई गंऽऽ! कोणं मारलं बे?"

मी धावत गेले. दादा बाजेवर बसलेला, डोकं दोन्ही हातांनी धरून. खोलीत दुसरं कोणी नाही. बाज भिंतीला लागूनसुद्धा नाही.

"सपन पडलं असन," आई म्हणाली.

सपनानं कोणाला टेंगूळ येत नाही. दादाला आलं होतं. लिंबाएवढं.

संध्याकाळपर्यंत असं चारदा झालं. आधी टक् टक्. मग शांतता. मग दादाची बोंब. बाबा म्हणाले उंदीर असतील. आई म्हणाली उपास मोडल्याची शिक्षा आहे. चौथ्या वेळेनंतर आईनं त्याच्या डोक्यावर पितळेचा गंज, म्हणजे भाताचं पातेलं, पालथा घातला आणि वरून टॉवेल बांधला.

पाचव्या वेळी गंज वाजला. ठण्ण!

आम्ही तिघंही समोर बसलो होतो. गंजाला बाहेरून कशाचाही धक्का लागला नव्हता.

आवाज आतून आला होता.

त्यानंतर कोणी हसलं नाही.

दसऱ्याच्या सकाळी दादानं कम्प्युटर चालू केला. गेमला हात लावला नाही. गेम आपोआप उघडली. पहिली लेव्हल आली. खुर्ची रिकामी होती. आम्ही सगळे दाराजवळ उभे होतो.

वरचा बाण खाली गेला. नुसता बाण. वर बोट नाही.

गाडी सुसाट निघाली, पहिल्या टेकडीवर उडाली, हवेत पालथी झाली…

माझ्या शेजारी उभा असलेला दादा धाडकन खाली बसला. नाकातून रक्त आलं.

स्क्रीनवर तो माणूस डोक्यावर पडला होता.

मग आमच्या लक्षात आलं. दादाचं डोकं आणि त्या माणसाचं डोकं आता वेगळं राहिलेलं नव्हतं. आणि गाडी चालवणारा जो कोणी होता, त्याला गाडी येत नव्हती.

बाबांनी प्लग उपटला. स्क्रीन काळी झाली.

टक्. टक्. टक्.

"आवो, परत लावा!" आई किंचाळली. "निदान दिसन तरी का होऊन राह्यलं ते!"

प्लग परत लावला. बाबा म्हणाले, विहिरीत फेकून देतो सगळं. आई म्हणाली, "अन् तो माणूस आतमदी डोक्यावर पडला मंग? विहिरीत कोण पाहाले जाईन?"

मी पुढं झाले आणि खुर्चीवर बसून खालच्या बाणावर बोट ठेवलं. खालचा बाण म्हणजे ब्रेक. गाडी जागेवर उभी राहिली. टक् टक् बंद.

म्हणजे माणसाचा हात कीबोर्डवर असला की तो आपला हात काढून घेत होता. कोण होता कोण जाणे, पण रीतभात होती.

मी तशीच बसून राहिले. एक तास. दोन तास. बाबा म्हणाले मी बसतो, मी म्हणाले तुम्हाला नाही जमणार. मला वाटत होतं, गंमत मी केली तर निस्तरायचंही मीच.

अडीच वाजता माझा डोळा लागला.

किती वेळ, माहीत नाही. एवढंच आठवतं की मान खाली गेली आणि बोट घसरलं. खालच्या बाणाच्या बरोबर वर वरचा बाण असतो.

जाग आली ती आईच्या किंकाळीनं.

दादा फरशीवर पडला होता. डोळे उघडे. बोलत नव्हता.

तेव्हाचं पडणं त्या दुसऱ्याचं नव्हतं. माझं होतं. दादाला हे आजही माहीत नाही.

दवाखान्यात दादा तीन दिवस होता. आई त्याच्याजवळ. इकडं मी आणि बाबा आळीपाळीनं खालच्या बाणावर बोट ठेवून. एकानं जेवायचं, दुसऱ्यानं धरायचं. शेजारणी विचारायच्या, पोरगा दवाखान्यात आणि बाप-लेक गेम काय खेळून राहिले? काय सांगणार?

चौथ्या दिवशी दादा घरी आला. डॉक्टरांनी बाबांना बाजूला घेऊन सांगितलं होतं. आत सूज आहे. आता डोक्याला आणखी एक मार लागला तर काही सांगता येणार नाही.

आणखी एक.

आम्ही माणसं होतो. बोट किती दिवस धरणार? एकदा कधीतरी ते सुटणारच होतं.

बाबांचा मांत्रिकावर विश्वास नाही. ते म्हणाले, "गाडीचा मामला हाये, गाडीवाल्याले बोलवतो." आणि नाक्यावरच्या गॅरेजमधून मोतीलालभाऊला घेऊन आले. मोतीलालभाऊ मिस्त्री. हात कोपरापर्यंत काळे. खुर्चीच्या मागं उभा राहून त्यानं सगळं ऐकून घेतलं. हसला नाही.

"काकाजी, भूतगीत मले समजत नाई. मले गाडी समजते. ताई, एक काम कर. बोट उचल. जरासंच."

"मोतीलालभाऊ, दादा…"

"गाडी सपाटीवर हाये. दोनचार हात जाऊ दे. मंग धर."

मी बोट उचललं.

टक्. टक्. टक्. टऽऽक्…

गाडी पुढं सरकली. मी झटकन ब्रेक धरला. मोतीलालभाऊनं इंजिनाचा आवाज ऐकावा तसे डोळे मिटले होते.

"हे टक् टक् टक् हाये ना, हा किका मारून राह्यला. तीन किका, मंग एकदम फुल एक्सलेटर. बिरेक त याले मालूमच नाई. अन् एका वक्ताले एकच बटन दाबते." त्यानं डोळे उघडले. "एकाच बोटानं चालवून राह्यला बापा."

"मंग आता?" बाबांनी विचारलं.

"वाईट नाई हाये हा. शिकणारा हाये. हौस हाये, पन कोनी शिकवलं नाई. तुमी शिकवा."

"कोणाले? याले?"

"मी सतरा पोट्ट्यायले गाडी शिकवली, काकाजी. सोळा आजबी चालवून राह्यले."

"अन् सतरावा?"

मोतीलालभाऊनं आईनं दिलेला चहा संपवला. कप खाली ठेवला. निघून गेला.

घरात ती गेम सगळ्यात चांगली मला यायची. मी रिकाम्या खुर्चीच्या बाजूला स्टूल ठेवलं.

"हे पाय, वरचा बाण म्हणजे…" मी सुरुवात केली.

आईनं मागून माझ्या डोक्यात टपली मारली. "अहो-जाहो कर! कोण हायेत, केवढे हायेत, काय मालूम!"

मी घसा साफ केला.

"हे पाहा जी. वरचा बाण एक्सलेटर. दाबून धराचा नाई. थोडा द्याचा, सोडाचा, पुन्हा द्याचा. किका माराव लागत नाईत, गाडी चालूच असते. खालचा बाण बिरेक. हा पहिले शिका. काहीबी झालं, घाबरले, समजलं नाई, त बिरेक धरा अन् उभे राहा. कोणी घाई करून नाई राह्यलं."

आत दादाला आईनं पाच उशांमध्ये बसवलं होतं.

मी बोट उचललं.

शांतता.

मग खालचा बाण हळूच खाली गेला. आणि खालीच राहिला.

आई दारातच बसली आणि रडायला लागली.

डावा-उजवा बाण मी दुसऱ्या दिवशी शिकवला. "हे आंगाचा झोक देण्यासाठी. गाडी हवेत गेली अन् पुढून खाली झुकली, का डावा. मागं कलंडली, का उजवा. डोक्याकडं ध्यान ठेवा. चाक पहिले टेकलं पाहिजे. वाटलं का टेकडी मोठी हाये, त हळूहळू चढा, उडू नका." मग स्पेस. "यानं गाडीचं तोंड फिरते. परत याचं असन त उलटं जाऊ नका, स्पेस दाबा."

तो ऐकायचा. खरंच ऐकायचा. चुकला की ब्रेक धरून थांबायचा, जणू मी काय म्हणते त्याची वाट पाहत. मी रागावले तर थोडा वेळ काहीच दाबायचा नाही. एकदा मी त्याला "अक्कल हाये का?" म्हणाले, तर अख्खी दुपार रुसून बसला. आईनं वाटीत साखर ठेवली तेव्हा हलला.

एकदा एका कपारीखाली त्या माणसाचं हेल्मेट दगडापासून एवढंसं राहिलं… आत दादानं श्वास घेतला आणि सोडलाच नाही. गाडी खालून निसटली.

नऊ दिवसांनी त्यानं पहिली लेव्हल पार केली.

झेंड्याला शिवल्यावर गेम नाव विचारते. वेळेच्या यादीत टाकायला. चौकट आली. आत रेघ लुकलुकत होती.

आईनं हात जोडले. "नाव सांगा बापा. कोण्या गावचे तुमी? कोणाचे तुमी?"

टक् नाही. काही नाही. अर्धा तास ती रेघ लुकलुकत होती.

शेवटी मी एंटर दाबलं. यादीत वेळ आली. त्याच्यापुढं रिकामी जागा.

मग दुसरी. तिसरी. दिवाळी होऊन थंडी पडली तोवर तो पंचवीस लेव्हल पार करून गेला होता. दादाला एकही मार बसला नव्हता. तो भिंत धरून चालायला लागला होता. बाबा दुकानात जायला लागले होते. घरात कोणी बोलून दाखवत नव्हतं, पण आम्हाला वाटायला लागलं होतं की सगळ्या लेव्हल संपल्या की हे जाईल.

सव्विसावी लेव्हल आली.

तिला आम्ही विहीर म्हणायचो. खोल खड्डा, आत तिरपा उतार, वरून लोंबणारे दगड. सगळ्यात खाली एक लाल गोळा. तो घेऊन पुन्हा वर यायचं. मला ती कधीच जमली नव्हती. एकदाही नाही. सगळ्या घरात कोणालाच नाही.

"इथं थांबा जी," मी म्हणाले. "ही मले येत नाई."

तो थांबला नाही.

पहिल्यांदाच त्यानं माझं ऐकलं नाही. शिकून गेलेलं पोरगं मास्तराचं ऐकत नाही, तसं.

गाडी काठावर गेली. आत कलली. उतारावरून घसरायला लागली. वेग वाढत गेला. खाली दगड दिसायला लागला…

"बिरेक!" मी ओरडले. "बिरेक धरा!"

खालचा बाण खाली गेला.

गाडी उताराच्या मधोमध थांबली. तिरपी. पुढचं चाक खाली, मागचं वर. हेल्मेट आणि लोंबता दगड यांच्यात बोटभर अंतर. बाण सोडला असता तर गाडी खाली गेली असती. एक्सलेटर दिला असता तर वरचा दगड होता. झोक देऊन सावरता आलं असतं, पण त्याला ब्रेक धरूनच झोक द्यावा लागला असता. दोन बटनं, एकाच वेळी.

आणि त्याला एकच बोट होतं.

मी हात लावला असता तर त्यानं आपला काढून घेतला असता. त्या एका क्षणात गाडी सुटली असती.

बाबांनी विचारलं, "खेळ बंद कराचं बटन असन ना एखादं?"

होतं. एस्केप. कीबोर्डवर वर, डाव्या कोपऱ्यात. ते दाबलं की लेव्हल सुटते आणि गाडी, माणूस, सगळं गायब होतं.

"गायब?" आई म्हणाली. "गायब म्हंजे कसं गायब? अन् माहा भूपू?"

एस्केपला कोणी हात लावला नाही. एस्केपचं बटन मी त्याला कधी सांगितलंच नव्हतं. त्या दिवशीही सांगितलं नाही.

तेवढ्यात लाइन गेली. स्क्रीन काळी झाली.

आम्ही आतल्या खोलीकडं पाहिलं. दादा बसलेला होता. धडधाकट.

आम्ही कीबोर्डकडं पाहिलं. अंधारलेल्या खोलीत चार बाणांपैकी तीन वर होते.

एक खाली होता.

लाइन दोन तासांनी आली. कम्प्युटर चालू करायची कोणाची हिंमत झाली नाही.

ते झालं २००३ मध्ये. आज २००९ चा मे आहे.

कम्प्युटर त्याच टेबलावर आहे. वायरी काढल्या नाहीत. त्या खोलीत कोणी झाडूही जोरात मारत नाही. आई रोज सकाळी दारातून हात जोडते आणि म्हणते, "धरून ठेवजा बापा." साडेपाच वर्षं तो बाण खाली आहे.

दादाचं लग्न झालं. आचल वहिनी आली. तिला सगळं सांगितलं, ती आधी हसली, मग तिनं तो बाण पाहिला. आता तीही साखरेची वाटी ठेवते. आई दादाला कुठं डोकं टेकवू देत नाही. केळझरच्या गणपतीलाही नाही. पाहुणे म्हणतात, पुंडलिकरावाचा पोरगा लय गर्विष्ठ, देवासमोरही वाकत नाही.

माझं लग्न आर्वीला झालं. उन्हाळ्यात माहेरी येते. आली की आधी त्या खोलीत जाऊन पाहते.

आजही पाहिलं. दुपारी, जेवणं झाल्यावर.

बाण… अर्धा वर आला होता.

मी पाहत होते, तोवर आणखी केसभर वर आला. मग दबला. मग पुन्हा वर. थकलेल्या माणसाचा हात थरथरतो ना, तसा.

मी विचार केला नाही. विचार करायला वेळ नव्हता. डाव्या हाताचं बोट ठेवलं आणि दाबून धरलं.

बटन गार असेल असं वाटलं होतं. गार नव्हतं. घामानं ओलं होतं.

माझ्या बोटाखालून काहीतरी हळूच सरकलं… आणि निघून गेलं.

दीड तास झाला. हे मी दादाच्या जुन्या वहीत उजव्या हातानं लिहिते आहे. वही धरायला दुसरा हात मोकळा नाही. आई-बाबा दुकानात आहेत. वहिनी शेजारी गेली आहे. दादा पलीकडच्या खोलीत झोपला आहे. त्याचं घोरणं इथवर ऐकू येतं. त्याच आवाजावर मी धीर धरून बसले आहे. वहिनी आली की तिला बोट ठेवायला सांगीन.

मी त्याच्याशी बोलूनही पाहिलं. "दमले असान. बसा जरा. मी धरते."

पूर्वी आमचा हात असला की तो काही दाबायचा नाही. आज मला वाटत होतं, तसंच होईल.

आत्ताच…

टक्.

बाणांकडून नाही. माझं बोट तिथंच आहे, मला कळलं असतं.

आवाज वरून आला. डाव्या कोपऱ्यातून.

ते बटन मी त्याला शिकवलेलं नाही.

मी दादाला हाक मारली. दोनदा मारली. तो गाढ झोपतो, दोन हाकांत उठत नाही, हे मला माहीत आहे.

पण घोरणं थांबलं आहे.

उठून चार पावलं गेलं की दिसेल. चारच पावलं आहेत.

पण उठायचं म्हणजे बोट उचलायचं.